पात्र आणि अपात्र

'पात्र' हा शब्द मराठीच्या अभ्यासकाला रोज लागतो. मुख्य पात्र, गौण पात्र, पात्रचित्रण, पात्रांचा परस्परसंबंध. वर्गात तो इतक्या वेळा उच्चारला जातो की त्याचा दुसरा अर्थ, म्हणजे 'योग्य' किंवा 'लायक', आपल्या मनातही येत नाही. मुंबईतल्या झोपडपट्टीत मात्र हा दुसरा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कागदपत्रांत 'परिशिष्ट-दोन' नावाची एक यादी असते. तिच्यात ज्याचे नाव 'पात्र' म्हणून लागते त्याला इमारतीत घर मिळते. ज्याच्या नावापुढे 'अपात्र' येते त्याने आपले बिऱ्हाड उचलायचे असते.

ही पात्रता कशावरून ठरते? गरजेवरून नाही, उत्पन्नावरून नाही, शहरासाठी माणूस काय काम करतो यावरूनही नाही. ती ठरते तारखेवरून. १ जानेवारी १९९५ ही मूळ तारीख. पुढे ती १ जानेवारी २००० झाली. त्यानंतर आलेल्यांना, १ जानेवारी २०११ पर्यंतचे असतील तर, किंमत मोजून घर देण्याचे ठरले. दोन शेजारी एकाच गल्लीत राहतात, एकाच नळावर पाणी भरतात. त्यांतला एक पात्र असतो आणि दुसरा अपात्र, कारण दुसऱ्याजवळचा वीजबिलाचा कागद काही महिने उशिराचा असतो.

साहित्याच्या व्यासपीठावर गृहनिर्माणाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे असे की मुंबईच्या घरांचा प्रश्न मराठी साहित्याने जितका जवळून पाहिला आहे तितका तो धोरणकर्त्यांनी क्वचितच पाहिला असेल. आणि साहित्याने जे पाहिले त्याचा मध्यबिंदू होता भाडे. खोली मिळणे, खोलीचे भाडे भरणे, भाडे थकणे, खोली सुटणे. आजच्या धोरणात नेमकी हीच गोष्ट उरलेली नाही. तेथे घर म्हणजे मालकीचे घर, आणि ते मिळण्याचे मार्ग दोनच : बाजारात विकत घेणे किंवा यादीत पात्र ठरणे. ज्याला यांतला एकही मार्ग खुला नाही त्याच्याविषयी धोरण मौन पाळते. बदललेल्या अर्थव्यवस्थेत अशांचीच संख्या वाढते आहे, म्हणून हे मौन आम्हांला गंभीर वाटते.

*

मुंबई हे मुळात भाडेकरूंचे शहर. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा कामगारवस्तीतल्या दाटीकडे राज्यकर्त्यांचे प्रथमच गांभीर्याने लक्ष गेले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या. बीआयटी चाळी त्या याच. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. पुढे १९२० साली, जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना, विकास खात्याची स्थापना झाली आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची.

या खोल्या सुखाच्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. सामाईक नळ, सामाईक संडास, एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारे पुरुष, आणि जेवायला खानावळ. बहुतेक खानावळी बायका चालवत आणि त्यांच्या उधारीच्या वहीवर गिरणगाव जगत असे. परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी पुढच्या कोणत्याच व्यवस्थेत राहिली नाही. कोकणातून किंवा घाटावरून काल आलेल्या माणसाला आज पाठ टेकायला काही तरी जागा मिळू शकत होती, आणि तिचा मोबदला त्याच्या पगारातून देता येत होता. त्याला मुंबईत घर विकत घेण्याची गरज नव्हती. त्याचे घर गावी होते. मुंबईत त्याला खोली हवी होती. 'घर' आणि 'खोली' या दोन शब्दांतला हा भेद त्या काळच्या बोलण्यात नित्याचा होता.

ही व्यवस्था मोडली कशी, याचे उत्तर देताना दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. युद्धोत्तर महागाईत हा कायदा आवश्यक होता. डोक्यावरचे छप्पर जाणार नाही, या खात्रीने भाडेकरूला मालकासमोर आणि कारखान्यासमोर ताठ उभे राहता आले, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु गोठवलेले भाडे दशकांमागून दशके गोठलेलेच राहिले. काही रुपये भाडे घेणारा मालक गळके छप्पर दुरुस्त करीना आणि कोणी नव्या चाळी बांधीना. अधिकृत भाडे नाममात्र आणि खरा व्यवहार पगडीचा, अशी दुहेरी हिशेबाची रीत रूढ झाली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ काढावे लागले. उपकर भरणाऱ्या अशा इमारतींची संख्या तेव्हा १९,६४२ होती.

कायदा काळाबरोबर बदलायला हवा होता. भाडे मर्यादेत वाढू द्यायचे आणि त्या बदल्यात दुरुस्ती सक्तीची करायची, असा मध्यममार्ग शक्य होता. १९९९ साली नवा कायदा झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद आली आणि पगडीच्या व्यवहारालाही मान्यता मिळाली. पण एव्हाना नव्या भाडेकरूने जुन्या अर्थाने भाडेकरू होणेच बंद झाले होते. तो आता अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा 'परवानाधारक' आहे. एकाच इमारतीत एका मजल्यावर जुना भाडेकरू जवळजवळ मालकाइतका सुरक्षित असतो, आणि वरच्या मजल्यावरचा नवा माणूस दर अकरा महिन्यांनी टेम्पो शोधतो. मुंबईतली विषमता झोपडी आणि टॉवर एवढ्या दोन शब्दांत सांगण्याची आपल्याला सवय झाली आहे. एकाच जिन्यावर राहणारी ही दुसरी विषमता त्या चित्रात येत नाही.

*

आता साहित्याकडे येऊ. चाळ म्हटले की मराठी वाचकाला पहिल्याने आठवते ती पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८). त्या पुस्तकाची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. परंतु त्यानंतर चाळीविषयीचे आपले बहुतेक लेखन आणि नाटक-चित्रपट स्मरणरंजनाच्या एकाच वाटेने गेले. उघडी दारे, सामाईक गॅलरी, गणपती, शेजारधर्म. हे सगळे खरे आहे. पण ज्यांना चाळीत आधीच जागा मिळाली होती त्यांच्या दृष्टीने खरे आहे. ज्याला जागाच मिळाली नाही, त्याच्या आठवणीत गॅलरी असणार कोठून?

दाराबाहेरच्या या माणसाची गोष्ट बाबूराव बागूल यांनी सांगितली. 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आपण दलित साहित्याच्या पेपरात शिकवतो आणि जातवास्तवाचे दर्शन म्हणून तिच्यावर प्रश्न काढतो. ते योग्यच आहे. पण त्या कथेतल्या संकटाचा आरंभ कोठे होतो, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. नोकरीसाठी परगावी गेलेल्या शिकलेल्या तरुणाला राहायला जागा हवी आहे. नोकरी सरकारी यंत्रणेने दिली, पण खोली देणारा समाज आहे आणि तो आधी जात विचारतो. म्हणजे ही भाड्याच्या खोलीचीही कथा आहे. या संग्रहाला (१९६३) साठ वर्षे उलटून गेली. आज शहरात खोली शोधणाऱ्या मुस्लिम, दलित, एकट्या स्त्रीला किंवा मांसाहार करणाऱ्या कुटुंबाला विचारले जाणारे प्रश्न शब्दांनी सभ्य झाले आहेत, एवढाच फरक आम्हांला दिसतो. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला. सहकार या शब्दाचा असाही अर्थ कायद्याला मान्य होतो, तेव्हा खासगी घरमालकाकडून वेगळी अपेक्षा कशी करावी?

अण्णाभाऊ साठे यांचे आयुष्य तर या विषयाचा स्वतंत्र अध्याय आहे. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. अगदी अखेरीस गोरेगावला सरकारी घर मिळाले आणि १९६९ साली ते गेले. जयवंत दळवी यांची 'चक्र' ही कादंबरीही १९६३ चीच. म्हणजे ज्या दशकात मध्यमवर्गीय वाचक चाळीच्या विनोदावर हसत होता, त्याच दशकात चाळीतही जागा न मिळालेल्यांचे साहित्य शेजारी उभे राहत होते. ही दोन साहित्ये आपण वेगवेगळ्या पेपरांत विभागून टाकली. विनोदी साहित्य एकीकडे, ग्रामीण-दलित साहित्य दुसरीकडे. ती एकाच गृहबाजाराची दोन टोके आहेत, हे त्या विभागणीत दिसेनासे झाले.

*

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाचा विधिवत शेवट कधी झालाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून थांबत गेल्या. संपाने काय घडले हे पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे फक्त जमिनीचा हिशेब मांडायचा आहे.

गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर, आणि तीही शहराच्या मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची ढोबळ वाटणी ठरवली होती : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता, आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच करायची, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? बहुतेक जागेवर शेड होत्या. एका विशेषणाने शेकडो एकरांचे भवितव्य बदलले. शब्दार्थाची मीमांसा करणाऱ्यांनी हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा वाद 'मोकळी जमीन' या दोन शब्दांच्या अर्थावर झाला. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होते ती मोकळी म्हणायची की नाही? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने म्हणायची असे सांगितले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दरम्यान २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या होत्या. मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली, दादरच्या कोहिनूर मिलची ४२१ कोटींना.

कामगारांच्या वाट्याला काय आले? म्हाडाने २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, ती ६,९२५ घरांची. अर्ज होते दीड लाखांच्या आसपास. संपानंतर तीस वर्षांनी चिठ्ठी काढून घर, आणि तेही विकत. तोवर कित्येक कामगार वारले होते, कित्येकांची मुले विरार, बदलापूर, पनवेलकडे गेली होती.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात लालबागच्या खोलीतले धुरी कुटुंब आहे. संपानंतर त्या खोलीतला प्रत्येक जण वेगळ्या दिशेला घरंगळतो. हे नाटक बेकारीचे आहे, असे आपण म्हणतो. पण त्या कुटुंबाकडे निदान खोली आहे. नोकरी गेली तरी खोली राहिली, ही जुन्या भाडेकायद्याची कृपा. आजच्या तरुणाची नोकरी गेली तर त्याच महिन्यात खोलीही जाते. आज 'अधांतर' लिहायचे झाले तर पडदा उघडल्यावर दिसणारी ती खोली नेपथ्यकाराला उभी करता येईल का, याचा विचार नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर करावा.

*

कापड गेले आणि सेवा आल्या. शेडच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. या नव्या अर्थव्यवस्थेलाही हात लागतातच : सुरक्षारक्षक, सफाई कामगार, घरकाम करणारी बाई, रुग्णालयातली आया, दारात सामान पोहोचवणारा तरुण. फरक असा की गिरणी कामगार कायम होता आणि हे सगळे कंत्राटी आहेत. त्यांच्या हातात गृहकर्जासाठी लागणारी पगाराची पावती नसते. म्हणजे घर विकत घेण्याची ऐपत ज्यांच्यापाशी सर्वांत कमी, असा कामगार वाढत असतानाच शासनाने विकत घेण्याखेरीज दुसरा मार्ग ठेवला नाही.

१९९५ साली युतीचे सरकार चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याच्या आश्वासनावर आले आणि त्याच वर्षअखेर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण सुरू झाले. योजनेचे गणित सोपे होते. विकासकाने झोपडीवासीयांना त्याच जागी मोफत घर बांधून द्यायचे, बदल्यात त्याला वाढीव चटईक्षेत्र मिळेल, ते त्याने बाजारात विकावे. शासनाचा खर्च जवळजवळ शून्य. घराचे क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट, मग २६९, नंतर ३००.

या योजनेने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या बाईने आयुष्यभर पहाटे डबा घेऊन रांग लावली, तिच्यासाठी घरातला संडास आणि घरातला नळ या प्रतिष्ठेच्या गोष्टी आहेत. त्यांना 'उभी झोपडपट्टी' म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आमच्यासारख्या पक्क्या घरांत राहणाऱ्यांना नाही. आक्षेप योजनेच्या पायाविषयी आहे. गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या नफ्यातून निघणार असेल, तर जेथे जमीन महाग तेथेच ते निघेल. आणि वरच्या मजल्यांची किंमत चढी राहिली तरच खालची घरे फुकट देता येतील. म्हणजे परवडणारी घरे देण्याची योजना चालण्यासाठी शहरातली घरे न परवडणारीच राहिली पाहिजेत. ही विसंगती योजनेच्या रचनेतच आहे. केवळ प्रामाणिक अधिकारी नेमून ती दूर होणार नाही.

शिवाय योजना जो राहतो त्याला मोजते, आणि त्यातही जमिनीवर राहतो त्याला. वस्तीत पोटमाळ्यावर भाड्याने राहणारे कुटुंब तिच्या हिशेबात येत नाही. धारावीच्या पुनर्विकासात वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर, भाडे-खरेदी पद्धतीने घर देण्याचे ठरले आहे. ज्याचा धंदा, गिऱ्हाईक, मुलांची शाळा धारावीत आहे, त्याला शहराच्या कडेला घर देणे म्हणजे घर देऊन रोजगार काढून घेणे. पदपथावरील रहिवाशांच्या ओल्गा टेलिस खटल्यात, १० जुलै १९८५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असे मान्य केले होते. माणूस कामाजवळ राहतो कारण काम त्याला जगवते, हे सत्य त्या निकालाने कागदावर आणले. धोरणाने ते आजही पुरते पचवलेले नाही.

एखादा म्हणेल, घरे कमी आहेत, अधिक बांधली की किमती उतरतील. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशातल्या शहरी घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या आसपास काढली. त्यांतली सुमारे ९५ टक्के तूट आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांत होती. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की बांधकामाचा वेग हा एकटाच प्रश्न नाही, हे उमगते. घरे एकाला राहण्यासाठी हवीत आणि दुसऱ्याने ती गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवली आहेत.

*

भाड्याच्या घरांचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेशात भाडेतत्त्वावरील घरांची योजना निघाली. १६० चौरस फुटांची घरे शासनाच्या ताब्यात ठेवून अल्प भाड्याने द्यायची, असा हेतू. थोड्याच वर्षांत हेतू बदलला. पनवेलजवळच्या कोन येथील अशाच घरांपैकी दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांचे एक केले आणि २०१६ साली ती सोडतीने गिरणी कामगारांना मालकीने विकली. कामगारांना घरे मिळावीत याविषयी दुमत नाही. पण एका वंचिताचे देणे फेडण्यासाठी दुसऱ्या वंचिताची जागा वापरली गेली.

बीडीडी चाळींचेही तसेच. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० फुटांत काढलेल्या कुटुंबांचा तो आनंद रास्त आहे. परंतु त्या चाळी शासनाच्या मालकीच्या भाड्याच्या खोल्या होत्या, शहराच्या मध्यावर. पुनर्विकासात रहिवाशांना मालकीची घरे आणि खर्च भागवण्यासाठी उरलेली घरे विक्रीला, अशी मांडणी आहे. उद्या गावाहून येणाऱ्या कामगारासाठी त्या विस्तीर्ण जमिनीवर एकही भाड्याची खोली राखावी, असे कोणाला सुचले नाही. बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या त्याच दशकात व्हिएन्नाच्या नगरपालिकेने कामगारांसाठी भाड्याची घरे बांधली. ती घरे आजही नगरपालिकेची आहेत, भाड्याचीच आहेत आणि त्यांत लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. शासन चांगला घरमालक होऊच शकत नाही, हे विधान अनुभवसिद्ध म्हणून सांगितले जाते. त्यात आपल्या अनुभवाचा वाटा किती आणि अनिच्छेचा किती, हे तपासायला हवे.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसे शेकडो मैल चालत निघाली. तेव्हा आपण भुकेविषयी बोललो, रेल्वेविषयी बोललो. पण चालत निघणाऱ्या पुष्कळांना भाड्याची तारीख जवळ येते आहे ही भीती होती. त्याच जुलैत केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना जाहीर केली. २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राचे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर झाले. २००७ नंतरचे हे पहिलेच. त्याचे नाव 'माझे घर, माझे अधिकार', आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट. नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्या घरांचा उल्लेख त्यात आहे, याचे आम्ही स्वागत करतो. पण नावातच 'माझे' दोनदा आले आहे. राहण्याचा अधिकार आणि मालकीचा अधिकार यांत फरक करणारी भाषा आपल्या धोरणाला अजून सापडलेली नाही.

आमची मागणी म्हणून तीनच गोष्टी मांडतो. सार्वजनिक जमिनीवर जेथे जेथे पुनर्विकास होईल तेथे काही हिस्सा कायमचा भाड्याने देण्यासाठी राखावा आणि तो कधीही विकता येऊ नये. अकरा महिन्यांच्या कराराच्या जागी काही वर्षांची खात्री देणारा, भाडेवाढ मर्यादेत ठेवणारा आणि मालकाला दुरुस्तीपुरते उत्पन्न देणारा कायदा यावा. आणि जात, धर्म, आहार किंवा एकटेपणा यांवरून खोली नाकारणे हा दखलपात्र गुन्हा ठरावा. यांतली कोणतीही गोष्ट स्वस्त नाही. परंतु फुकट घरांची योजना तरी स्वस्त कोठे होती? तिची किंमत चढ्या किमतींच्या रूपाने सगळे शहर मोजते आहे.

शेवटी आपल्याच वर्गाविषयी. पुण्याच्या पेठांत आणि मुंबईच्या उपनगरांत 'कॉट बेसिस'वर राहून मराठीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे हजारो विद्यार्थी आहेत. नांदेडहून, सोलापूरहून, बुलढाण्याहून आलेले. एका खोलीत चार-सहा खाटा, खाटेखाली ट्रंक, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेची धास्ती. पु. लं.च्या चाळीवर वर्गात हसताना त्यांच्या मनात काय येत असेल, हे त्यांना विचारणारा प्रश्न आमच्या पाहण्यातल्या एकाही प्रश्नपत्रिकेत नाही. त्यांना तो विचारावा. बागूल, अण्णाभाऊ, दळवी, पवार यांना एका धाग्यात ओवून 'खोली' या विषयावर एक संपूर्ण सत्र शिकवावे, आणि विद्यार्थ्यांना आपापल्या खोलीचा इतिहास लिहायला सांगावा : मालक कोण, भाडे किती, आधी कोण राहत होते, दारात कोणते प्रश्न विचारले गेले. धोरणकर्त्यांच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नाही. मराठी साहित्याने मात्र आजवर अशाच माणसांना पात्र मानले आहे.